खालच्याला सांगून ये

माझ्या दवाखान्यात गाभण गाय घेऊन येणारा माणूस आधी गाईबद्दल विचारतो आणि मग मुलीबद्दल. माझा हात तेव्हा खांद्यापर्यंत प्लॅस्टिकच्या मोज्यात आणि गाईच्या आत असतो. मी उठून जाऊ शकत नाही, हे त्याने हेरलेले असते. “मॅडम, पोरीले नीटमध्ये जरासे कमी पडले. रिपीट करू देऊ का?” मी सांगते की गाय तीन महिन्यांची गाभण आहे. त्याला ते ठाऊकच असते. तो वाट पाहत उभा राहतो. खरे तर या प्रश्नाचे उत्तर माझ्याइतके नेमके फार थोड्या लोकांजवळ असेल, कारण तो प्रयोग मी स्वतःवर करून पाहिला आहे. परीक्षा पुन्हा दिल्याने प्रवेशाची शक्यता वाढते. माझ्या प्रयोगात ती निर्विवाद वाढली. ती माझी नव्हती, एवढाच काय तो फरक.

बाबा चोरखमारा तलावाच्या कालव्यावर पाटकरी होते. पावसाने ताण दिल्यावर आणि पुढे उन्हाळी धानाला तलावाचे पाणी सुटले की कोणाच्या बांधीला कधी आणि किती वेळ पाणी द्यायचे ते ठरवायचे आणि त्याप्रमाणे पाटाची दारे उघडायची-मिटायची, हे त्यांचे काम. आमचे घर कालव्याला इतके लागून होते, की पाणी सुटलेल्या दिवसांत भिंतीपलीकडे कोणीतरी सतत तांदूळ धूत असल्यासारखा आवाज येत राही. दार उघडण्याआधी बाबा लोखंडी पान्याने त्या दारावर तीन ठोके देत. खालच्या शेतांतल्या लोकांनी तयार व्हावे म्हणून ती खूण होती, पण तिच्यावर चाले आमचे स्वयंपाकघर. पहिल्या दारावरचे ठोके ऐकू आले की आई भाताचे आधण ठेवी, आणि तिसऱ्या दारावरचे, दुरून जेमतेम पोहोचणारे ठोके आले की लाखोरीच्या वरणाला फोडणी देई. बाबा अंगणात पाय धूत असताना तव्यावर तलावातल्या सुक्या झिंग्यांचा वास उठलेला असे. पुढे प्रयोगशाळेत वेळेच्या अचूकपणाबद्दल मी पुष्कळ ऐकले, परंतु आईच्या फोडणीइतके अचूक उपकरण मला तिथे दिसले नाही.

बाबांचे नियम दोनच होते. पहिला असा, की हुकलेली पाळी पुन्हा मिळत नाही. कोणी लग्नाला गेलेला असो, कोणी आजारी असो, पाणी त्याच्या बांधीवरून पुढे जाई. “एक डाव अजून द्या ना, पाटकरीभाऊ,” असे म्हणत माणसे सकाळी अंगणात येऊन बसत, आई त्यांना चहा देई आणि बाबा त्यांना एकच उत्तर देत, “दिला असता गा. पन पानी मागं चढत नाई ना.” दुसरा नियम त्याहून चमत्कारिक होता. ज्याला आपली पाळी नको असेल, त्याने ती खुशाल सोडावी, मात्र आपल्या खालच्या शेताच्या मालकाकडे स्वतः जाऊन तसे सांगावे. निरोप चालत नसे. न सांगता पाळी सोडली, तर खालच्याला पाणी लवकर येणार हे कळत नाही, त्याच्या शेतात पाणी घेणारी मोरी बंद असते, आणि तलावाचे पाणी नाल्याला जाते. असे ज्याच्या हातून घडे, त्याच्याशी बाबा तो हंगामभर बोलत नसत. बारावीत जलव्यवस्थापनावर निबंध लिहिताना मी या पद्धतीचा उल्लेखही केला नव्हता. ती मला अडाणीपणाची वाटे.

पहिल्या प्रयत्नात मला नीटमध्ये जे गुण मिळाले, त्यांवर एमबीबीएसची जागा मिळाली नाही, पशुवैद्यकीयची मिळाली. नागपूरचे सरकारी महाविद्यालय, पहिलीच फेरी. आईने शेजारी साखर वाटली. “ढोराची का असेना, डॉक्टर ते डॉक्टर,” ती म्हणाली, आणि त्या ‘का असेना’ने माझा निर्णय झाला. पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा द्यायची, माणसांची डॉक्टर व्हायचे. मी विज्ञानाची विद्यार्थिनी होते, त्यामुळे भावनेच्या भरात निर्णय घेतला असे कोणी म्हणू नये म्हणून मी आलेखाचा कागद आणला. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर गुण. जानेवारीतल्या सराव परीक्षेचा एक बिंदू, प्रत्यक्ष परीक्षेचा दुसरा. दोन बिंदूंमधून सरळ रेषा नेहमीच जाते, हे मला ठाऊक होते. ती पुढच्या मे महिन्यात कुठे पोहोचते हे पाहण्याच्या उत्साहात मी ते विसरले. रेषा एमबीबीएसच्या पुष्कळ वर गेली. गोंदियातल्या ज्या क्लासला मी जात होते, तिथल्या सरांना मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा न लावताच तो पाहिला. “बेटा, एक साल और दे दो,” ते म्हणाले, “सीट तो समझो तुम्हारी जेब में है.” मग त्यांनी मला रिपीटर बॅचचा फॉर्म दिला. तो मात्र त्यांनी चष्मा लावून तपासला.

घरी मी तो आलेख जेवणाआधी मांडला. बाबांनी बोट ठेवून रेषा खालून वर नेली आणि विचारले, “हे तुजी रेष. बाकीच्या पोट्ट्यायची कुठी हाये?”

“बाकीच्यांची इथे गरज नाही, बाबा. हा माझ्या प्रगतीचा आलेख आहे.”

“म्हंजे तू वर चढशीन तवरिक थे वर्षभर झोपून राहतीन?”

मी म्हणाले की इतर घटक स्थिर धरावे लागतात, ती शास्त्रीय पद्धत आहे. आई म्हणाली की भात थंड होऊन राहिला. आज मी कबूल करते, की स्पर्धा परीक्षेविषयी जेवढे गंभीर विवेचन मी पुढे वाचले, त्यात बाबांच्या त्या प्रश्नापेक्षा अधिक काही नव्हते. एका परीक्षेचे गुण त्याच वर्षापुरते चालतात. पुन्हा बसले की जुने मिटतात आणि नवे गुण नव्या गर्दीत उभे केले जातात. गुण माझ्या मालकीचे असतात, क्रमांक इतरांनी ठरवलेला असतो. प्रवेश क्रमांकावर मिळतो. पण तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्याकडे आलेख होता.

बाबांनी अडवले नाही. आयुष्यभर कोणाला दुसरी पाळी न देणाऱ्या माणसाने मला ती दिली, ती भाताचा पहिला घास कालवता कालवता. “सोडतं तर सोड,” ते म्हणाले. “पन खाली कोन हाये?”

“कुठे खाली?”

“यादीत. तुज्या खाली कोन? त्याले सांगून ये.”

मला हसू आले. मी त्यांना प्रवेशप्रक्रिया समजावून सांगितली. मी हजर झाले नाही की संगणक ती जागा आपोआप पुढच्या उमेदवाराला देतो, मोबाइलवर संदेश जातो, कोणी कोणाच्या घरी जात नाही. बाबांनी सगळे ऐकून घेतले. “देत असन संगणक,” ते म्हणाले. “पन त्याची मोरी उघडी हाये का बंद, थे संगणकाले कसं मालूम?”

प्रतीक्षायादीत माझ्या प्रवर्गातले पहिले नाव शीतलचे होते. दुर्दैव असे, की मी तिला ओळखत होते. ती कोहमाऱ्याची, क्लासमध्ये माझ्या मागे दोन बाक सोडून बसायची. वह्यांना नेहमी कांद्याचा वास, कारण तिच्या आईचा हायवेवर ढाबा होता आणि ती तिथेच बसून अभ्यास करी. नाव अनोळखी असते तर मी सुटले असते. दुसऱ्या दिवशी बाबांनी मोटारसायकल काढली. आम्ही गोरेगावमार्गे कोहमाऱ्याला निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोवणी चालली होती आणि बायका चिखलात वाकलेल्या होत्या. शासकीय प्रवेशप्रक्रियेतली माहिती मोटारसायकलवरून घरपोच देणारे राज्यातले आम्ही पहिलेच असू, या विचाराने मला इतकी लाज वाटत होती की मी ओढणी तोंडावरून घट्ट बांधून घेतली.

शीतलची आई भट्टीपाशी होती. बाबा “जय भीम” म्हणाले, तिनेही म्हटले, आणि आम्ही जेवायला आलो नाही हे कळल्यावर ती सावध झाली. बाबांनी सरळ मुद्द्याला हात घातला, “माजी पोरगी नागपूरची सीट सोडून राहिली. खाली तुमची हाये. सांगाले आलो.”

बाईने हातातला चिमटा खाली ठेवला. “एजंट हाव का तुमी?”

“नाई वो बाई. मी पाटकरी आहो.”

“पाटकऱ्याचा अन् कॉलेजचा काय संबंध? किती मांगता थे सांगा सीदं.”

“काईच नाई मांगत.”

“मंग तर पक्के एजंट हाव,” बाई म्हणाली. बाकावर बसलेले दोन ट्रकवाले मोठ्याने हसले. त्यातला एक म्हणाला, “मौसी, फ्री में दे रहे हैं तो दो ले लो.”

तेवढ्यात शीतल कांदे चिरता चिरता बाहेर आली. तिचे डोळे वाहत होते आणि हातात सुरी होती. तिने मला पाहिले, बाबांना पाहिले, आणि आईकडून प्रकरण ऐकून घेतले. “काऊन सोडून राहिली वो?” तिने मला विचारले.

“मला माणसांची डॉक्टर व्हायचंय.”

“मले ढोरं चालते,” शीतल म्हणाली. तिने सुरी पुसून बाजूला ठेवली. “खरंच सोडतं ना? मंग पलटू नको.”

बाबांनी तिला विचारले की कागद तयार आहेत का. नव्हते. जातवैधता होती, पण रहिवासी दाखला निघालेला नव्हता; प्रतीक्षायादीत असलेल्याने कशाला तहसीलच्या चकरा माराव्यात, असे तिला वाटले होते. “आजच जाजो,” बाबा म्हणाले. ती त्याच दुपारी सडक अर्जुनीला गेली, आणि दाखला तिच्या हाती पडायला पूर्ण सहा दिवस लागले. संगणकाचा संदेश तिला आला तेव्हा हजर होण्यासाठी दोन दिवसांची मुदत होती. हे गणित मी पुष्कळदा करून पाहिले आहे. सहातून दोन जातात आणि चार उरतात. त्या चार दिवसांत एक मुलगी डॉक्टर झाली. आम्ही निघताना तिच्या आईने कागदात बांधून आलूबोंडे दिले. बाबांनी ते घेतले नाहीत. तेव्हा कुठे तिचा आमच्यावर विश्वास बसला, आणि तिने ते मोटारसायकलच्या डिकीत बळेच कोंबले.

ते वर्ष मी गोंदियाजवळ फुलचूरला मावशीकडे राहून काढले. रिपीटर बॅचच्या पहिल्या दिवशी वर्गात बसायला जागा नव्हती. माझ्या शेजारच्या मुलीने बॅगेतून एक कागद काढला. तो आलेख होता. रेषा माझ्यापेक्षा थोडी तिरकी होती, इतकेच. मी भोवती पाहिले आणि बाबांच्या प्रश्नाचे उत्तर बाकाबाकांवर बसलेले दिसले. बाकीच्या पोट्ट्यांची रेष इथे होती. तरीही मी अभ्यास केला, आणि उत्तम केला. हे मी विनय बाजूला ठेवून सांगते, कारण पुढची गंमत त्यावरच उभी आहे. शीतल मधूनमधून फोन करी. “आज घोड्याची हाडं मोजली वो. दोनशेच्या वर हायेत. तू काय मोजून राहिली?” मी चुकलेले प्रश्न मोजत असे.

निकालात माझे एक्केचाळीस गुण वाढले. क्रमांक मात्र आधीच्या वर्षापेक्षा कित्येक हजारांनी मागे गेला. त्या वर्षी सगळेच चढले होते. क्लासने दारावर फलक लावला, त्यात ‘गुणवृद्धी’ या सदराखाली माझा फोटो होता. मला प्रवेश कुठेच मिळाला नव्हता, पण माझा फोटो चांगला आला होता. पहिली फेरी गेली, दुसरी गेली. एमबीबीएस सोडाच, जी पशुवैद्यकीयची जागा मी मागच्या वर्षी ‘का असेना’पायी नाकारली होती, तिच्याही प्रतीक्षायादीत मी चौथी होते. घरी सगळे नेहमीसारखे चालले होते. बाबा ठोके देत, आई फोडणी देई, आणि अंगणात कोणी पाळी मागायला आले की बाबा “पानी मागं चढत नाई” हे वाक्य अर्ध्यावर सोडून देत, कारण मी ओसरीवर बसलेली असे. माझ्यामुळे त्यांना आपला नियमही पुरता बोलता येईनासा झाला होता. मी गोंदियाला बीएस्सीचा फॉर्म भरला. तो भरतानाच मला कळले, की आता खरोखर काय हातचे चालले आहे. गाई-म्हशी नव्हे; निवड करण्याची ऐट.

शीतलचा फोन आला तेव्हा आई अंबाडीची भाजी निवडत होती. शीतल धापा टाकत बोलत होती. “प्रज्ञा, आयक. आमच्या कॉलेजात फर्स्ट इयरचे तीन जन आलेच नाई. उद्या दहा वाजता शेवटची फेरी हाये, जागेवरच. जो हजर राहीन त्याले देतीन, फोन-गिन कोनाले करत नाई. नोटीस आत्ताच फळ्यावर लावली. ओरिजनल कागदं घे अन् निघ.”

“तुला कसं कळलं मी यादीत आहे?”

“म्हंजे? रोज पायतो ना मी यादी. तू माज्या खाली हायेस.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच बाबांनी मला तिरोड्याच्या स्टेशनवर सोडले. नागपूरला त्या सभागृहात यादीतली दुसरी मुलगी आलेली नव्हती. तिला कोणी सांगितले नसावे. तिचे नाव तीनदा पुकारले गेले. तिसऱ्या वेळी मी दाराकडे पाहिले, आणि ती येऊ नये असे मला मनापासून वाटले, हे इथे नमूद करून ठेवते. ती नाही आली. माझा प्रवेश झाला. बाहेर व्हरांड्यात शीतल पांढऱ्या ॲप्रनमध्ये उभी होती. मी तिला मिठी मारायला गेले, तर तिने हात आडवा धरला. “सीनियर आहो मी. आदी मॅडम म्हन.” मी म्हटले. एका वर्षात एक्केचाळीस गुण जास्त मिळवून मी ज्या ठिकाणी पोहोचले, तिथे ती कांदे चिरता चिरता माझ्या आधी पोहोचली होती.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, परंतु महत्त्वाकांक्षा इतक्या सहज मरत नाही. वसतिगृहात आल्यावर कळले की पहिल्या वर्षातली निम्मी मुले दारे लावून पुन्हा नीटचाच अभ्यास करीत आहेत. सरांचाही फोन आला, “बेटा, अब तो बेस पक्का है. बस एक बार और.” मी नवा आलेखाचा कागद आणला. या वेळी माझ्याकडे तीन बिंदू होते, आणि शास्त्रीयदृष्ट्या तीन बिंदू दोनांहून फारच भरवशाचे. रेषा काढायच्या आधी, का कोण जाणे, मी घरी फोन केला आणि बाबांना सांगितले की ही जागा सोडून तिसऱ्यांदा बसण्याचा विचार आहे.

पलीकडे पाण्याचा आवाज होता. बाबा पाटावर असावेत. मग त्यांनी विचारले, “खाली कोन हाये?”

मी प्रतीक्षायादी उघडली. माझ्या खाली भामरागडकडच्या एका मुलाचे नाव होते. तिथे पोहोचायला आमच्या घरापासून अख्खा दिवस लागतो, पावसाळ्यात त्याहून जास्त, आणि वाटेतल्या नाल्यांवर त्या काळी सगळीकडे पूल नव्हते. बाबांचे गुडघे तेव्हाच कुरकुरू लागले होते. ते मोटारसायकल काढतील याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मागे बसायला ते मला बोलावतील, याबद्दलही नव्हती.

“कोणी नाही, बाबा,” मी म्हणाले. “मी सहज विचारत होते.”

“बरं,” ते म्हणाले. मग तीन ठोके ऐकू आले.

मुलाखतींमध्ये आणि सत्कारांमध्ये मी सांगते की मुक्या जनावरांच्या सेवेची ओढ लागल्यामुळे मी या क्षेत्रात राहिले. लोक टाळ्या वाजवतात. त्या मुलाचे नाव मला अजून पाठ आहे, आणि त्याला मी कधीच काही सांगायला गेले नाही.

दवाखान्यातला माणूस अजून उभा असतो. मी हात बाहेर काढते, मोजा उलटा करून टाकते, आणि त्याला विचारते की मुलीला आत्ता जी जागा मिळाली आहे, तिच्याखाली यादीत कोण आहे. तो गोंधळून गाईकडे पाहतो. “थे कायले पायजे, मॅडम?”

“जाऊन सांगावं लागतं,” मी म्हणते.